सुट्टीत संगीत-संगणनाचं संशोधन करायचं असेल तर

इंजिनिअरिंगच्या किंवा बीएस्सीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली, शाळेत असताना गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा परीक्षेपर्यंत पोचलेली आणि दहावीच्या वर्षी क्लास सोडलेली मुलं-मुली मला दरवर्षी भेटतात. पेटी कपाटावर असते, लॅपटॉप मांडीवर. ‘उन्हाळ्यात काहीतरी एआयचं करायचंय’ असं सांगतात, आणि तबल्याच्या चार परीक्षा दिल्याचं बोलता बोलता, जवळजवळ लाजून कबूल करतात. खरं तर भांडवल तेच आहे. पायथन येणारे वर्गात साठ असतात. धमार ऐकताना चौदा मात्रांत सम (तालाची पहिली मात्रा) हातावर धरून ठेवता येणारा त्यांत एखादाच निघतो.

हा लेख अशांसाठी आहे. दोन-अडीच महिन्यांची संशोधन-संधी कुठे असते, तिच्यासाठी काय तयार ठेवायचं, पत्र कसं लिहायचं आणि संधी मिळाल्यावर आठ आठवडे वाया कसे घालवायचे नाहीत, या क्रमाने जाऊ. एक गोष्ट आधीच सांगते: मे महिन्यातल्या जागेची तयारी निदान आदल्या दिवाळीपासून सुरू होते. एप्रिलमध्ये वाचत असाल तर हा पुढच्या वर्षाचा लेख समजा.

क्षेत्राची तोंडओळख

ध्वनीवरून संगीताबद्दलची माहिती काढणं हा या विषयाचा सगळ्यात मोठा भाग: सूर, लय, राग, वाद्य, गायक. दुसरा भाग लिखित स्वरलिपीचा, म्हणजे नोटेशन संगणकाला वाचता येईल अशा रूपात मांडून त्यातले आकृतिबंध शोधायचे. तिसरा मनाचा: ऐकणाऱ्याला काय कळतं, काय आठवतं, कशाने बरं वाटतं. चौथा नवी वाद्यं आणि सॉफ्टवेअर बनवण्याचा. ‘बीट बनवून देणारं ॲप’ हे यांपैकी कशातच आपोआप बसत नाही. त्यात एखादा प्रश्न असला पाहिजे, आणि उत्तर चुकीचं ठरू शकेल अशी सोय असली पाहिजे.

आपल्याकडे हे कालपरवा सुरू झालेलं नाही. तबल्यासारख्या शाई लावलेल्या चर्मवाद्यांतून सुरेल उपस्वर कसे निघतात यावर सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० साली लिहिलं, आणि पुढच्या वर्षी तंबोरा-वीणेच्या घोडीवरही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्नार्ड बेल आणि जिम किपन यांनी लखनौच्या तबल्यातल्या कायद्यांसाठी, म्हणजे बोलांच्या ठरावीक रचनांसाठी, ‘बोल प्रोसेसर’ हा प्रोग्रॅम लिहिला. संगणक त्यांचे पलटे, म्हणजे बदलून केलेले फेर, रचायचा आणि उस्ताद सांगायचे, हा चालेल, हा नाही. चाळीस वर्षं झाली, पण पद्धत म्हणून मला ती आजही बिनतोड वाटते. हेच बेल पुढे पुण्यात गी प्वातवँ आणि हेमा राइरकर यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाशी जोडले गेले. एक लाखाहून जास्त ओव्यांचा तो संग्रह आज इंटरनेटवर वाचता-ऐकता येतो. मुंबईच्या एनसीपीए या कला-केंद्रात सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मेर यांनी गायनाचा आलेख पडद्यावर सरकताना दिसेल असं काम केलं. २०११मध्ये बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात झेवियर सेरा यांनी ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्प सुरू केला, त्यात हिंदुस्तानी आणि कर्नाटक संगीताला मोठी जागा होती. आणि या विषयाची मुख्य जागतिक परिषद ‘इस्मिर’ डिसेंबर २०२२मध्ये बंगळुरूला भरली.

म्हणजे रस्ता आहे आणि त्यावर वर्दळही आहे. तरी बऱ्याच गोष्टी कुणी मोजलेल्याच नाहीत. ढोलकीच्या बोलांवर, पोवाड्याच्या लयीवर, भजनी मंडळातल्या पखवाजावर काम शोधायला जा, हाताला फार थोडं लागेल.

पहिली पायरी: प्रश्न लहान करा

‘मला राग ओळखणारी प्रणाली बनवायची आहे’ हा प्रश्न नाही, ती इच्छा आहे. आठ आठवड्यांत मावणारा प्रश्न कसा दिसतो, ते एका उदाहरणावरून पाहू.

भूप आणि देशकार. दोन्हींत सा रे ग प ध, दोन्हींत म आणि नि वर्ज्य. तरी क्लासमध्ये एखादा भूप म्हणता म्हणता धैवतावर जरा जास्त रेंगाळला की गुरुजी मान वर करतात. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, देशकाराचा धैवत. भूप पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) फिरतो, देशकार उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात), आणि देशकारात रिषभाला फारसा थारा नसतो. एवढं प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत असतं. आता प्रश्न असा करा: गायक प्रत्येक स्वरावर एकूण किती वेळ थांबतो, फक्त एवढ्या माहितीवरून हे दोन राग वेगळे काढता येतात का? आणि येत असतील तर किती मिनिटांचं गाणं ऐकल्यावर? आलापात लवकर कळतं की द्रुत बंदिशीत?

या प्रश्नाला हद्द आहे. लागणारं ध्वनिमुद्रण मोजकं आहे. उत्तर ‘नाही’ आलं तरी सांगण्यासारखं आहे, कारण मग फरक स्वरांच्या क्रमात आणि लगावात असणार. आयआयटी मुंबईत प्रीती राव यांच्या गटाने अशाच जोडरागांवर काम केलेलं आहे, तेव्हा वाचायला साहित्यही मिळतं. आधी कुणी केलंय म्हणून नाउमेद होण्याचं कारण नाही. पहिल्या उन्हाळ्यात दुसऱ्याचं काम स्वतःच्या ध्वनिमुद्रणावर पुन्हा करून पाहणं हे अगदी प्रतिष्ठेचं काम आहे. मारवा-पूरिया-सोहनी घ्या, किंवा दरबारी-अडाणा, म्हणजे ते तुमचं झालं.

तबलावाल्यांसाठी: सगळे बोल ओळखण्याचा हट्ट सोडा. आघातांचे चार गट करा. बंद आघात, म्हणजे ते, ट, के. फक्त दायाँ (उजव्या हाताचा तबला) घुमतो ते, म्हणजे ना, तिं. फक्त बायाँ (डाव्या हाताचा डग्गा) घुमतो तो गे. दोन्ही घुमतात ते धा आणि धिं. एवढं जमलं तरी ठेक्यातली खाली (टाळीऐवजी हात मोकळा सोडायची जागा) संगणकाला दिसायला लागते, कारण खालीत बायाँ गप्प असतो. हाच विचार ढोलकीवर नेला की लगेच नवी जमीन लागते. ढोलकीच्या थापेला आणि तबल्याच्या ‘ना’ला एकच गट पुरेल का? मला माहीत नाही, आणि म्हणूनच तो चांगला प्रश्न आहे.

गाणं-वाजवणं येत नसेल तरी दार बंद नाही. भातखंडे पद्धतीची स्वरलिपी संगणकाला वाचता येईल अशी मांडायची, तर कण, मींड, मात्रेखालचा अर्धचंद्र आणि तालाच्या खुणा कशा साठवायच्या? हे निव्वळ माहिती-रचनेचं काम आहे. चांगल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला दोन महिने पुरून उरेल. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी लागलेल्या, म्हणजे घुमदार झणझण येणाऱ्या, आणि न लागलेल्या तारेच्या आवाजात वेळागणिक काय बदलतं, हे मोजायला तर एक बरा मायक्रोफोन आणि ओळखीचा कारागीर पुरेसा आहे.

दुसरी पायरी: शिदोरी

फार लागत नाही, पण जे लागतं ते टाळता येत नाही. पायथन. फूरिये रूपांतर (आवाज कोणकोणत्या वारंवारितांचा बनलाय ते काढणारं गणित) म्हणजे काय, हे सूत्राबरोबर कानानेही कळलेलं असणं. नमुना-वेग म्हणजे काय, सेकंदाला ४४,१०० नमुने का घेतात, खिडकी, म्हणजे एका वेळी तपासायचा आवाजाचा तुकडा, लहान केली की सूर धूसर आणि मोठी केली की ताल धूसर का होतो. थोडी संख्याशास्त्राची समज. डीप लर्निंग नंतर. ते येतं म्हणून कुणी घेत नाही आणि येत नाही म्हणून सहसा कुणी नाकारत नाही.

शिकायला दोन ठिकाणं पुरे. जर्मनीतल्या एरलांगेनच्या माइनार्ड म्युलर यांच्या गटाच्या ‘एफएमपी नोटबुक्स’ मोफत आहेत, आणि त्यात सिद्धान्त आणि कोड शेजारी-शेजारी आहे. सेरा आणि स्टॅनफर्डचे ज्युलियस स्मिथ यांचा संगीतासाठीच्या ध्वनिप्रक्रियेवरचा अभ्यासक्रम कोर्सेरावर आहे. हत्यारांत लिब्रोसा आणि एसेन्शिया या लायब्रऱ्या, तर डोळ्याने पाहून कानाने तपासायला सॉनिक व्हिज्युअलायझर आणि प्राट. यांतलं सॉनिक व्हिज्युअलायझर सगळ्यांत आधी उतरवून घ्या. आपल्या आवडीच्या गायकाची एक मींड त्यात एकदा पाहिली की पुढच्या तीन महिन्यांचा कंटाळा पुसला जातो.

तिसरी पायरी: दिवाळी ते संक्रांत, एक छोटं काम पुरं करा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा थांबू. प्राध्यापकांना पत्र लिहिण्याआधी तुमच्याकडे दाखवायला एक पुरं झालेलं, अगदी लहान काम हवं. भूप-देशकाराचंच घेऊ.

*ध्वनिमुद्रण.* स्वतः गा, मैत्रिणीला गायला सांगा किंवा क्लासमधल्या दोघा-तिघांना तयार करा. तंबोऱ्याचं ॲप स्पीकरवर लावू नका, इअरफोनमध्ये लावा. गायकाला तंबोरा ऐकू येईल आणि मायक्रोफोनमध्ये फक्त गळा येईल. या एका युक्तीने पुढची निम्मी डोकेदुखी जाते. पंखा बंद, खिडकी बंद, फोन तोंडापासून हातभर लांब. फाईल वेव्ह स्वरूपात ठेवा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली व्हॉइस नोट घेऊ नका, ती आधीच दाबून लहान केलेली असते. प्रत्येक फाईलसोबत वहीत लिहा: कोण गातंय, पट्टी कोणती (काळी एक की पांढरी पाच), राग, आलाप की बंदिश, तारीख. मी माझ्या पहिल्या कामात पट्टी लिहून ठेवली नाही आणि नंतर चाळीस फाईलींचा षड्ज पेटी घेऊन पुन्हा शोधत बसले.

मैफलीतलं गाणं हवं असेल तर ‘सारगा’ हा संग्रह वापरा. हिंदुस्तानी आणि कर्नाटक गायन-वादनाची ध्वनिमुद्रणं त्यात रागाच्या आणि षड्जाच्या नोंदींसह संशोधनासाठी खुली आहेत. यूट्यूबवरून उतरवलेली गाणी जाहीर संग्रहात टाकू नका.

*सूर काढणं.* लिब्रोसातली ‘पायिन’ पद्धत दर दहा मिलिसेकंदांना एक वारंवारिता देईल अशी लावा. वीस मिनिटांच्या गाण्याचे झाले १,२०,००० बिंदू. यातले काही चुकीचे असणारच: मध्य सप्तकातला ग एक सप्तक खाली, मंद्रात दिसेल, श्वास घेताना भलताच आकडा येईल. पाच मिनिटांचा भाग आलेखावर पाहत ऐका आणि चुका मोजा. कंटाळवाणं आहे. पण बरेच जण हे टाळतात, आणि नेमकं तेच मुलाखतीत विचारलं जातं.

*षड्जाशी जोडणं.* आपल्याकडे सा ठरलेला नाही, म्हणून हर्ट्झमधल्या आकड्याला एकट्याने काही अर्थ नाही. वारंवारितेला सा-च्या वारंवारितेने भागा, भागाकाराचा दोन पायाचा लॉग घ्या, १२००ने गुणा. हे झाले सेंट. सा १४० हर्ट्झ असेल आणि गळा २१० वर असेल, तर उत्तर ७०२ येतं, म्हणजे पंचम. पेटीवरचा पंचम ७००वर असतो. शुद्ध गंधार ५:४ प्रमाणात लागला तर ३८६, पेटीवर ४००. त्या चौदा सेंटांवरून महाराष्ट्रात शंभर वर्षं वाद चालू आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स यांच्या श्रुतींच्या पेटीपासून तो आजतागायत मिटलेला नाही, आणि तुमच्या आलेखानेही मिटणार नाही. त्यात पडू नका. निदान पहिल्या उन्हाळ्यात.

*स्वरांचा आलेख.* सगळी सप्तकं एकात दुमडा आणि कुठल्या सेंटवर किती वेळ गेला याचा स्तंभालेख काढा. भूपाच्या फाईलींत गंधाराचं शिखर उंच दिसतं का? देशकारात धैवत चढतो आणि रिषभ खचतो का? नसेल तर का नाही? कदाचित तुमच्या मैत्रिणीने देशकार म्हणून भूपच गायला असेल. हसू नका, माझ्याकडे असं दोनदा झालं आहे.

*लिहिणं.* दोन पानं: प्रश्न, सामग्री, पद्धत, आलेख, कुठे फसलं. कोड गिटहबवर, कसं चालवायचं ते चार ओळींत. एवढं संक्रांतीपर्यंत झालं तर तुम्ही अर्जदारांच्या रांगेत बरेच पुढे आलात.

चौथी पायरी: कुठे अर्ज करायचा

देशातल्या वाटा आधी. भारतीय विज्ञान अकादमी, इन्सा आणि नासी या तीन अकादम्यांची मिळून उन्हाळी संशोधन पाठ्यवृत्ती आहे. मुदत साधारण दोन महिने. यात तुम्ही देशभरातल्या मार्गदर्शकांच्या यादीतून निवड करता. ‘संगीत’ असा विषय शोधत बसू नका, तो सापडणार नाही. ध्वनी, वाक् (म्हणजे स्पीच), सिग्नल प्रक्रिया हे शब्द शोधा आणि त्या माणसांचे लेख उघडून पाहा. आयआयटी कानपूरचा ‘सर्ज’ आणि आयआयटी गांधीनगरचा ‘एसआरआयपी’ हे बाहेरच्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनाही घेणारे उन्हाळी कार्यक्रम आहेत, आणि मद्रास आयआयटीचीही उन्हाळी पाठ्यवृत्ती आहे. या आयआयटींच्या जाहिराती साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येतात.

कार्यक्रमापेक्षा माणूस महत्त्वाचा. पवईत प्रीती राव यांची डिजिटल ऑडिओ प्रयोगशाळा हिंदुस्तानी संगीतासाठी सगळ्यात जवळची. मद्रासला हेमा मूर्ती यांच्या गटाने कर्नाटक संगीत आणि मृदंगावर खूप काम केलं. कानपूरला विपुल अरोरा यांच्या गटाने ध्वनी आणि संगीतावर काम केलं आहे, तर हैदराबादच्या आयआयआयटीत विनू अल्लुरी यांनी संगीत आणि मन यांच्या नात्यावर. यांचे दोन-दोन लेख वाचले की तुमचा ओढा कुठे आहे ते तुमचं तुम्हालाच कळेल.

परदेशी वाटांत एक गैरसमज आधी दूर करते, कारण त्यात मुलांचे आठवडेच्या आठवडे जातात. अमेरिकेत ‘आरईयू’ नावाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधन-केंद्रं असतात आणि त्यांचा खर्च तिथलं राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान, म्हणजे एनएसएफ, करतं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात, ज्याच्या छत्राखाली ईस्टमन हे नामांकित संगीत विद्यालयही आहे, संगीत, माध्यमं आणि मन यांच्या संगणकीय अभ्यासावर असं केंद्र चालत आलं आहे. नाव वाचूनच अर्ज करावासा वाटतो. पण एनएसएफच्या पैशांवरच्या या जागा फक्त अमेरिकी नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळतात. पुण्यात बसून अर्ज करणं व्यर्थ. अमेरिकेतल्या एडिसन किंवा फ्रीमाँटमध्ये वाढलेल्या तुमच्या मामेभावाला जरूर सांगा, पण तो अजून आई-वडिलांच्या व्हिसावर अवलंबून असेल तर त्यालाही ते दार बंद आहे. त्या वर्षी केंद्र चालू आहे का, तेही आधी तपासावं लागतं.

भारतीय विद्यार्थ्यांना उपयोगी पडणाऱ्या वाटा वेगळ्या. कॅनडाची ‘मायटॅक्स ग्लोबलिंक’ ही बारा आठवड्यांची योजना आहे. तिथे प्राध्यापक आपले प्रकल्प मांडतात आणि तुम्ही त्यांतून निवडता. मॅकगिलसारख्या विद्यापीठात संगीत-तंत्रज्ञानाची जुनी परंपरा आहे, तेव्हा त्या यादीत ध्वनीचे प्रकल्प शोधायला विसरू नका. अर्ज आदल्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटीच बंद होतो. जर्मनीच्या ‘डाड’ संस्थेची ‘वाइझ’ योजना खास भारतीय विद्यार्थ्यांसाठी आहे. तिथे जर्मन प्राध्यापकाचा होकार तुम्हीच मिळवायचा असतो. दिवाळीच्या आसपास अर्ज द्यावा लागतो, म्हणजे पत्रव्यवहार गणपतीत सुरू झाला पाहिजे. दोन्ही ठिकाणी देश, वर्ष, गुण आणि कॉलेज यांच्या पात्रता-अटी असतात. त्या दरवर्षी नव्याने वाचा, सिनिअरच्या सांगण्यावर जाऊ नका.

घर न सोडता करण्यासारखी एक वाट ‘गूगल समर ऑफ कोड’. वय १८ पूर्ण, मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नवखे असाल तर चालतं, मानधन मिळतं. ‘शुगर लॅब्स’चं म्युझिक ब्लॉक्स हे मुलांना संगीतातून प्रोग्रॅमिंग शिकवणारं साधन या योजनेत अनेक वर्षं आहे. स्वरलिपीच्या ‘म्युझस्कोअर’नेही तिथे भाग घेतलेला आहे. संस्थांची यादी फेब्रुवारीत येते, अर्ज मार्चमध्ये. पण निवडले जातात ते बहुधा जानेवारीपासूनच त्या संस्थेच्या कोडमधल्या लहानसहान चुका दुरुस्त करत असलेले. हे काटेकोर अर्थाने संशोधन नाही, बांधकाम आहे. बांधकाम आवडणाऱ्याने तिकडेच जावं.

आणि यांतलं काहीच जमलं नाही तर? तुमच्याच कॉलेजात सिग्नल प्रोसेसिंग शिकवणारे सर किंवा मॅडम आणि गावातले गवई असे दोन मार्गदर्शक घेऊन उन्हाळा काढा. प्रमाणपत्र कमी वजनाचं मिळेल, काम तितकंच खरं होईल.

पाचवी पायरी: पत्र

पत्र बहुधा इंग्रजीतच जाईल, पण त्यातला ऐवज मराठीत असा:

‘आदरणीय मॅडम, मी अमुक कॉलेजात संगणक शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सात वर्षं पेटी शिकलो आहे. जोडरागांवरचा आपला लेख वाचला. त्यात स्वरांवरच्या ठहरावाचा जो आलेख आहे, तो मी तीन विद्यार्थी-गायकांच्या बारा ध्वनिमुद्रणांवर काढून पाहिला. भूपात अपेक्षेप्रमाणे गंधार उंच आला, पण एका गायिकेच्या देशकारात धैवत आणि पंचम जवळजवळ सारखे आले. मला वाटतं द्रुत बंदिशीमुळे असं झालं असावं, पण खात्री नाही. दोन पानांची टिपणी आणि कोडचा दुवा सोबत आहे. मे ते जुलै या काळात आपल्या गटात या किंवा जवळच्या विषयावर काम करण्याची संधी मिळू शकेल का? माझी परीक्षा अमुक तारखेला संपते.’

एवढंच. दहा ओळी. यात ‘लहानपणापासून मला संगीताची आवड आहे’ नाही, ‘आपल्या प्रतिष्ठित संस्थेत’ नाही. आकडा आहे, शंका आहे, तारीख आहे. चाळीस जणांना एकच मजकूर पाठवलेलं पत्र वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळतं. पाच जणांनाच लिहा, पण प्रत्येकाचा लेख खरोखर वाचून. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा, फक्त एकदाच, आठवण करा. तरी शांतता असेल तर पुढच्या नावाकडे वळा. ते कामात असतात, तुमच्यावर रागावलेले नसतात.

शिफारसपत्रासाठी सरांना निदान महिनाभर आधी सांगा आणि सोबत आपली टिपणी द्या, म्हणजे त्यांना लिहायला काहीतरी मिळेल. गाण्याच्या गुरुजींचं पत्र चालतं का? मुख्य म्हणून नाही, पण जास्तीचं पत्र जोडायची मुभा असेल तर नक्की जोडा.

कागदांचं काम थोडक्यात: बोनाफाईड, कॉलेजचं ना-हरकत पत्र, गुणपत्रिका, आणि परदेशासाठी पासपोर्ट, जो अर्जाच्या आधी हातात हवा. आपल्याकडची खरी अडचण वेगळीच असते. विद्यापीठाची परीक्षा मे-जूनमध्ये सरकते आणि संशोधन-कार्यक्रम मेच्या मध्याला सुरू होतो. हे लपवू नका. पत्रातच सांगितलं तर बरेच जण दोन आठवडे मागेपुढे करतात. ऐनवेळी सांगितलं तर करत नाहीत. मानधन किती, वसतिगृह आणि मेस मिळते का, हेही होकार देण्याआधी विचारा. विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

सहावी पायरी: आठ आठवडे

पहिल्या आठवड्यात नवीन काही करायचं नाही. गटातल्या कुणाचा तरी जुना कोड आपल्या यंत्रावर चालवून त्यांचाच आकडा पुन्हा मिळवायचा. हे सोपं वाटतं, पण चार दिवस जातात.

दुसरा-तिसरा आठवडा नोंदी करण्याचा: कुठे सम, कुठे आघात, कुठे स्वर. दोघांनी स्वतंत्रपणे करा आणि मग जुळवून पाहा. सम कुठे आहे यावर दोन शिकलेल्या माणसांचं जिथे एकमत होत नाही, तिथे संगणकाकडून शंभर टक्क्यांची अपेक्षा कशी ठेवणार? तो मतभेदच कधी कधी सगळ्यात चांगला शोध ठरतो.

चौथ्या आठवड्यात सगळ्यात भोळी पद्धत लावा. नेहमी गंधार-धैवताची उंची तुलना करून उत्तर देणारी तीन ओळींची पद्धत. तुमचं मोठं मॉडेल हिच्यापेक्षा किती चांगलं, एवढंच पुढे सिद्ध करायचं आहे. बऱ्याचदा फारसं नसतं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यातला सापळा मी स्वतः अनुभवला आहे. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजातल्या वारंवारितांच्या वेळेनुसार काढलेल्या चित्रावर, शिकवलेलं माझं मॉडेल भूप आणि देशकार जवळजवळ न चुकता ओळखायला लागलं. दोन दिवस मी हवेत. मग एका सिनिअर मुलीने विचारलं, ‘देशकाराच्या फाईली कुठून आणल्यास?’ सगळ्या एकाच जुन्या कॅसेटवरून उतरवल्या होत्या. मॉडेल राग ओळखत नव्हतं, कॅसेटची सरसर ओळखत होतं. तेव्हापासून नियम केला: शिकवायच्या आणि तपासायच्या फाईलींत एकच गायक, एकच मैफल, एकच ध्वनिमुद्रण येता कामा नये. उत्तर अचानक फार चांगलं आलं तर पेढे वाटण्याआधी फाईली ऐका.

रोज संध्याकाळी वहीत चार ओळी: आज काय केलं, काय फसलं, उद्या काय. मार्गदर्शकांच्या साप्ताहिक भेटीत आलेख घेऊन जा आणि त्यासोबत दोन ध्वनीची उदाहरणंही: एक जिथे पद्धत बरोबर चालली, एक जिथे सपशेल आपटली. खोलीतल्या सगळ्यांनी ती ऐकली की चर्चा लगेच जमिनीवर येते.

शेवटचे दोन आठवडे लिहिण्याचे. नवा प्रयोग सुरू करायचा मोह सातव्या आठवड्यात होतोच. आवरा.

नंतर

अहवाल दिला की बरेच जण विषय सोडून देतात. थोडं आणखी चाललात तर इस्मिरमध्ये ताज्या आणि अपुऱ्या कामांसाठी वेगळं सत्र असतं, तिथे दोन-तीन पानं पाठवता येतात. त्या परिषदेचे सगळे लेख खुले आहेत, मागच्या वर्षांची अशी टिपणं वाचून अंदाज घ्या. आपल्याकडे वाक् आणि संगीत संशोधनाचं ‘एफआरएसएम’ हे संमेलनही होत आलं आहे. शोधनिबंधात कुणाकुणाची नावं आणि कोणत्या क्रमाने, हे मार्गदर्शकांशी जुलैतच बोलून घ्या.

ज्यांचा गळा आणि हात तुम्ही मोजलात, त्यांची परवानगी ध्वनिमुद्रणाच्या वेळीच लेखी घेतलेली असावी: फक्त अभ्यासासाठी, की जाहीर करायलाही. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या आजी असोत की ढोलकीवाले, नाव छापायचं की नाही ते त्यांना विचारा. काम संपल्यावर त्यांची ध्वनिमुद्रणं आणि तुमचे आलेख त्यांना परत नेऊन द्या. दुवा पाठवून भागवू नका. पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉप घेऊन प्रत्यक्ष जा, आणि सरकता आलेख लावून त्यांचंच गाणं त्यांना ऐकवा. ‘इथे तू चुकीचा स्वर दाखवलायस’ असं त्यांनी म्हटलं, तर वही उघडून वेळ लिहून घ्या: किती मिनिटं, किती सेकंद.